टपालस्वार आणि जासूद : दूरचित्रवाणीवरील निरोप्याची प्रतिमा

प्रस्तावना

अमेरिकेत १९५९-६० या काळात ‘पोनी एक्स्प्रेस’ नावाची अर्ध्या तासाच्या भागांची कृष्णधवल मालिका दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ ते कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो या मार्गावर घोडेस्वारांमार्फत टपाल पोहोचविणाऱ्या एका खासगी कंपनीची ही कथा होती. वेस्टर्न या प्रकाराच्या भरभराटीचा तो काळ. त्या हंगामात अमेरिकन वाहिन्यांवर संध्याकाळच्या वेळेत पंचवीसहून अधिक वेस्टर्न मालिका चालू होत्या आणि त्या गर्दीत ही मालिका एकाच हंगामात संपली. पुढे १९८९ ते १९९२ या काळात एबीसी वाहिनीने ‘द यंग रायडर्स’ या मालिकेत हाच विषय नव्याने मांडला. ती तीन हंगाम चालली. ज्या टपालसेवेवर ती बेतली होती, ती सेवा प्रत्यक्षात जेमतेम दीड वर्ष चालली होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. अठरा-एकोणीस महिन्यांचे एक तोट्यातील उपक्रमण तिच्या दुप्पट काळ पडद्यावर धावत राहिले, ही गोष्टच समीक्षेचा विषय व्हावी अशी आहे.

प्रस्तुत लेखात या दोन मालिकांचा विचार मराठी ऐतिहासिक मालिकांच्या संदर्भात केला आहे. मराठ्यांचा अठराव्या शतकातील इतिहास ज्या प्रमाणात पत्रांवर उभा आहे, त्या प्रमाणात क्वचितच एखाद्या प्रदेशाचा इतिहास पत्रांवर उभा असेल. तरीही ही पत्रे वाहून नेणारा जासूद, काशीद किंवा सांडणीस्वार मराठी दूरचित्रवाणीवर पात्र म्हणून उभा राहिलेला दिसत नाही. अमेरिकन मालिकेत स्वार आहे आणि पत्र हरवले आहे. मराठी मालिकेत पत्र आहे आणि ते आणणारा हरवला आहे. या दोन उणिवा एकमेकींवर प्रकाश टाकतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

इतिहासातील पोनी एक्स्प्रेस

रसेल, मेजर्स अँड वॉडेल या मालवाहतूक कंपनीने ३ एप्रिल १८६० रोजी ही सेवा सुरू केली. सुमारे १९०० मैलांचे अंतर दहा दिवसांत कापण्याची हमी होती. दर दहा-पंधरा मैलांवर घोडा बदलावयाचा आणि पाऊणशे ते शंभर मैलांनंतर स्वार बदलावयाचा, अशी व्यवस्था होती. टपाल ‘मोचिला’ नावाच्या चामडी आच्छादनाच्या चार खिशांत असे. हे आच्छादन खोगिरावर टाकलेले असल्यामुळे घोडा बदलताना ते उचलून दुसऱ्या खोगिरावर टाकले की काम भागे. अर्ध्या औंसाला पाच डॉलर हा आरंभीचा दर होता. अखेरीस तो एक डॉलरवर आला. पाच डॉलर देऊन पत्र पाठविणारा माणूस सामान्य स्थलांतरित नव्हता. पातळ कागदावर लिहिलेली व्यापाऱ्यांची पत्रे, सरकारी कागद आणि वृत्तपत्रांना पाठविलेल्या बातम्या हेच त्या खिशांतील मुख्य ओझे होते. मार्च १८६१ मधील अध्यक्ष लिंकन यांचे पहिले भाषण या मार्गाने आठ दिवसांच्या आत पश्चिमेकडे पोहोचले.

ऑक्टोबर १८६१ मध्ये खंडपार तारयंत्राची जोडणी पूर्ण झाली आणि सेवा बंद पडली. ज्या सरकारी टपालकंत्राटाच्या आशेवर कंपनीने हा डाव मांडला होता, ते तिला मिळाले नाही. कंपनी बुडाली. हा खरे तर एका धंद्याच्या अपयशाचा इतिहास आहे. त्याला वीरगाथेचे रूप आले ते पुढे, १८८३ पासून बफेलो बिल कोडी याने आपल्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळात पोनी एक्स्प्रेसचा प्रवेश ठेवल्यामुळे. प्रेक्षकांसमोर स्वार भरधाव येतो, उडी मारतो, मोचिला दुसऱ्या घोड्यावर टाकतो आणि निघून जातो. दूरचित्रवाणीने जो वारसा घेतला तो १८६० च्या टपालखात्याचा नसून या रंगमंचीय प्रवेशाचा आहे. खुद्द कोडीने आपण त्या सेवेत स्वार होतो असे सांगितले असले तरी इतिहासकारांनी त्या दाव्याविषयी शंका घेतली आहे. १८६० मध्ये तो चौदा वर्षांचा होता. ‘अनाथांना प्राधान्य’ अशी जी जाहिरात या सेवेची म्हणून सर्वत्र छापली जाते, तीही त्या वर्षीच्या वृत्तपत्रांत आढळलेली नाही.

पडद्यावरील टपालस्वार

१९५९ च्या मालिकेचा नायक ब्रेट क्लार्क (ग्रँट सलिव्हन) हा मुळात टपालस्वार नाहीच. तो कंपनीचा फिरता तपास अधिकारी आहे. चोरी, दगाफटका, स्वारावरील हल्ला असे काही घडले की तो तेथे जातो आणि प्रकरण निकालात काढतो. ही निवड बारकाईने पाहिली तर मालिकाकर्त्यांसमोरील अडचण कळते. टपाल वाहून नेणे हे काम स्वभावतः पुनरावृत्तीचे आहे. आज जो मार्ग, तोच उद्या. यशस्वी टपालसेवेत काहीच घडत नाही, पत्र पोहोचते इतकेच. नाट्य हवे असेल तर पत्र अडले पाहिजे, आणि अडलेले पत्र सोडविण्यासाठी टपालस्वारापेक्षा पोलीस अधिक उपयोगाचा. म्हणून नावात टपाल असलेली मालिका वस्तुतः गुन्हेतपासाची मालिका झाली. येथे पत्र हे केवळ निमित्त आहे. त्या खिशात सोन्याची पूड असती तरी कथानकाला फारसा फरक पडला नसता.

‘द यंग रायडर्स’ने ही चूक काही अंशी सुधारली. तिच्यात स्वारच नायक आहेत आणि ते एका ठाण्यावर एकत्र राहतात. टीस्पून हंटर (अँथनी झर्बी) हा विक्षिप्त ठाणेदार, ‘किड’ (टाय मिलर), मुलाच्या वेशात नोकरी धरणारी लू (इव्हॉन सुहोर), मुका आयक, अर्धा किओवा वंशाचा बक आणि दुसऱ्या हंगामापासून आलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय स्वार नोआ डिक्सन, अशी ही मंडळी. जुन्या वेस्टर्नमध्ये मूळ रहिवासी म्हणजे वाटेतील अडथळा. येथे बकच्या रूपाने तो ठाण्याच्या आत आला, ही १९८९ च्या मालिकेची जमेची बाजू होय. मात्र त्याच्या आगमनाने मूळ प्रश्न सुटत नाही. १८६० मध्ये नेवाडा भागात पाययूट लोकांशी झालेल्या युद्धामुळे ही सेवा काही काळ खंडित झाली होती, कारण ठाणी ज्या पाणवठ्यांवर उभारली होती ते पाणवठे कोणाचे तरी होते. टपालमार्ग ही कोरी रेघ नसते. तो कोणाच्या तरी भूमीतून जातो. एका सहानुभूतीपूर्ण पात्राला ठाण्यावर जागा दिल्याने मार्गाचा हा प्रश्न झाकला जातो, असा आक्षेप घेता येतो.

इतिहासाशी मालिकेने घेतलेले स्वातंत्र्य तर उघडच आहे. वाइल्ड बिल हिकॉक (जॉश ब्रोलिन) येथे स्वार आहे. प्रत्यक्षात तो १८६१ मध्ये रॉक क्रीक ठाण्यावर जनावरांची देखभाल करणारा नोकर होता. तिसऱ्या हंगामात जेसी जेम्सही येतो, जो त्या काळी तेरा-चौदा वर्षांचा होता. यावर इतिहासविपर्यासाचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे, परंतु समीक्षेचा खरा मुद्दा वेगळा आहे. अनामिक स्वार प्रेक्षकांना पुरत नाहीत, म्हणून पुढे अन्य कारणांनी प्रसिद्ध झालेली नावे त्यांच्या अंगावर चढवावी लागली. म्हणजे टपालस्वाराला नायक करतानाच मालिकेने कबूल केले की निव्वळ टपालस्वार नायक होऊ शकत नाही.

मराठी पत्रव्यवहारातील वाहक

आता आपल्याकडे वळावे. वसई खाडीच्या उत्तर तीरावर, मिठागरांच्या शेजारी असलेल्या नायगावाच्या भूमीवरूनच या विषयाचा विचार करणे उचित ठरेल. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी वसईची मोहीम चालविली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या ताब्यात आला. या मोहिमेचा जो तपशील आज उपलब्ध आहे तो मुख्यतः पत्रांतून. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस खंडांत, तसेच द. ब. पारसनीस यांनी प्रसिद्ध केलेल्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारात त्याचे साधन विखुरलेले आहे.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात नादिरशहा दिल्लीत शिरला होता. बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी होती आणि ती फौज वसईच्या तटाखाली गुंतली होती. एका भावाने वेढा उठवावयाचा की पूर्ण करावयाचा, दुसऱ्याने वाट पाहावयाची की अपुऱ्या बळानिशी पुढे व्हावयाचे, हे सारे निर्णय पत्रे किती दिवसांत पोहोचतात यावर अवलंबून होते. कोकणपट्टीतून घाटमाथ्यावर आणि तेथून खानदेशाकडे धावणारी माणसे ही त्या मोहिमेची नाडी होती. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत वसईचे सुरुंग आहेत, तट आहे, तहाची कलमे आहेत. ही माणसे नाहीत.

मराठी दप्तरात त्यांच्यासाठी शब्द मात्र विपुल आहेत. काशीद, जासूद, हरकारा, सांडणीस्वार. पत्र घेऊन जाणारे जासूद पुष्कळदा दोघे पाठवीत, म्हणून ‘जासूदजोडी’ हा शब्द पत्रांत वारंवार येतो. वाटेत एकाचे बरेवाईट झाले तर दुसऱ्याने पुढे जावे, हा हिशेब त्यात उघड आहे. ‘मुजरद जोडी’ म्हणजे खास त्याच कामासाठी रवाना केलेली जोडी. ‘जासूद’ या शब्दाचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. मराठी कारभारात त्याचा निरोप्या, पत्रवाहक हा अर्थ ठळक होता. आज हिंदी ‘जासूस’च्या प्रभावाखाली तो केवळ हेर या अर्थाने समजला जातो. पत्रवाहक शब्दातूनसुद्धा बाहेर पडला.

पानिपतची बातमी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. १४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. नानासाहेब पेशवे त्या वेळी कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. सुमारे दहा दिवसांनी भेलसा येथे त्यांच्या हाती एक पत्र पडले, आणि तेही त्यांच्या नावाचे नव्हते. एका सावकाराने औरंगाबादेस आपल्या पेढीला पाठविलेले ते पत्र काशिदाकडून वाटेत मिळाले. त्यातील सांकेतिक भाषा, हानीसाठी वापरलेली मोत्यांची आणि मोहरांची रूपके, मराठी घराघरांत ठाऊक आहेत. सातशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर हिवाळ्यात, उद्ध्वस्त झालेल्या आणि पेंढाऱ्यांनी गजबजलेल्या मुलखातून कापून ते पत्र आणणाऱ्या माणसाला मात्र कोणत्याही लोकप्रिय कथनात नाव नाही. पेशव्यांची सत्ता स्वतःच्या सर्वांत मोठ्या पराभवाची बातमी एका खासगी टपालातून मिळविते, हा योगायोग राजकीयदृष्ट्याही अर्थपूर्ण आहे. सावकारांचे टपाल सरकारच्या टपालाच्या पुढे होते. अमेरिकेतील पोनी एक्स्प्रेसही खासगीच होती आणि तिचाही मुख्य ग्राहक व्यापारी होता.

खलित्याचे दृश्य

मराठी दूरचित्रवाणीवर ऐतिहासिक मालिकांची परंपरा समृद्ध आहे. मुंबई दूरदर्शनवरील गजानन जागीरदार दिग्दर्शित ‘स्वामी’, त्यानंतरची ‘राऊ’, पुढे खासगी वाहिन्यांवरील ‘राजा शिवछत्रपती’ आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ अशी अनेक नावे घेता येतात. या प्रकारच्या मालिकांत एक दृश्य इतके रूढ झाले आहे की प्रेक्षक ते पाहतसुद्धा नाही. दरबार किंवा महाल. पडद्यामागून वर्दी येते. एक सेवक मुजरा करून खलिता पुढे करतो. खलिता उघडला जातो, वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर चित्रचौकट स्थिरावते, पार्श्वसंगीत चढते. आणणारा तोवर चौकटीबाहेर गेलेला असतो. तो कोठून आला, किती दिवस चालला, त्याच्या पायांची काय अवस्था आहे, त्याची जोडी कोठे राहिली, यांपैकी काहीही विचारले जात नाही. त्याचा अंगरखासुद्धा पुष्कळदा नुकताच धोब्याकडून आल्यासारखा दिसतो.

यामागील एक कारण आर्थिक आहे आणि ते नायगावात बसून अधिक स्पष्ट दिसते. नायगाव पूर्वेच्या परिसरात गेल्या काही वर्षांत हिंदी मालिकांचे सेट उभे राहिले; ‘भाभीजी घर पर हैं’मधील गल्ली येथेच उभारली गेली. आठवड्यातून पाच-सहा दिवस प्रसारित होणाऱ्या मालिकेला छताखालील जागा परवडते. दिवाणखाना, देवघर, जिना, अंगण. घोडा, घाट आणि नदी परवडत नाहीत. वेस्टर्नच्या निर्मात्यांकडे मोकळ्या माळावर कायम उभ्या असलेल्या गावांचे देखावे होते. ‘द यंग रायडर्स’चे चित्रीकरण ॲरिझोनातील मेस्कल येथे अशाच देखाव्यावर झाले. तेथे बाहेरचे चित्रीकरण हीच प्रकाराची ओळख होती. आपल्याकडे ऐतिहासिक मालिका ही कौटुंबिक मालिकेची मोठी बहीण आहे. तिचे नाट्य महालात घडते आणि महालात बातमी फक्त पोहोचू शकते, धावू शकत नाही.

परंतु केवळ खर्चाकडे बोट दाखवून भागणार नाही. ‘राजा शिवछत्रपती’मध्ये बहिर्जी नाईकांना स्थान मिळालेच. हेराला स्थान मिळते, कारण बातमी तो स्वतःच्या बुद्धीने मिळवितो. जासुदाकडे बातमी बंद असते. तो ती वाचीत नाही, बहुधा वाचूही शकत नाही, आणि तरीही तिच्यासाठी जीव धोक्यात घालतो. मजकुराचे अज्ञान आणि मजकुरावरील निष्ठा यांचा हा संयोग आपल्या ऐतिहासिक ललित वाङ्मयालाही फारसा हाताळता आलेला नाही. पराक्रमाची आपली कल्पना तलवारीभोवती आणि मुत्सद्देगिरीभोवती घडली. चालण्याला तिच्यात जागा नव्हती.

पत्र आणि वाहक एकत्र

शेजारी बंगाली वाङ्मयात ही जागा मिळालेली आहे. ताराशंकर बंद्योपाध्याय यांची ‘डाकहरकरा’ ही कथा आणि तीवरील १९५८ चा चित्रपट, तसेच सुकांत भट्टाचार्य यांची, पुढे हेमंतकुमारांच्या स्वरात घरोघर पोहोचलेली ‘रानार’ ही कविता, यांनी टपाल घेऊन रात्रभर धावणाऱ्या माणसाला वाङ्मयीन व्यक्तित्व दिले. किपलिंगनेही भारतातील डाकधावकावर कविता लिहिली आहे, पण तिच्यात तो धावक साम्राज्याच्या आज्ञेचे वाहन अधिक आणि माणूस कमी आहे.

दूरचित्रवाणीपुरते बोलावयाचे तर शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’ (दूरदर्शन, १९८७) मधील ‘द मिसिंग मेल’ ही कथा या संदर्भात फार महत्त्वाची ठरते. आर. के. नारायण यांचा पोस्टमन थानप्पा आपल्या भागातील प्रत्येक घराची सुखदुःखे जाणतो. एका घरी मुलीचे लग्न कसेबसे जुळते आणि ते ठरल्या दिवशी झाले नाही तर मोडेल अशी वेळ असते. त्याच सुमारास काकांच्या गंभीर आजाराचे पत्र आणि पाठोपाठ मृत्यूची तार येते. थानप्पा दोन्ही दडवून ठेवतो आणि लग्न पार पडल्यावर ती हवाली करतो. तक्रार केली तर आपली नोकरी जाईल हे तो जाणतो, आणि तसे सांगतोही. पत्र अडल्याशिवाय नाट्य नाही, हे येथेही खरे आहे. फरक इतकाच की येथे पत्र दरोडेखोराने अडविलेले नाही. ज्याने ते पोहोचवावयाचे त्यानेच ते अडविले आहे. टपालाच्या नियमाचा भंग आणि टपालाच्या हेतूचे पालन एकाच कृतीत घडते. ‘पोनी एक्स्प्रेस’च्या संपूर्ण हंगामाला जे साधले नाही ते या एका छोट्या भागाने, एकही गोळी न झाडता साधले, असे म्हणण्यास हरकत नसावी.

मराठीत लक्ष्मण उतेकर यांच्या ‘टपाल’ (२०१४) या चित्रपटाने याच वाटेने पाऊल टाकले. पेटीत टाकलेले प्रेमपत्र परत मिळविण्यासाठी एक मुलगा पोस्टमनभोवती घुटमळतो आणि त्यातून त्या दोघांचे नाते घडते. नंदू माधव यांनी साकारलेला पोस्टमन हा खाकी गणवेशातील एखादा अलंकार नाही, तर कथेचा आधार आहे. मात्र येथेही काळ पोस्टखात्याचा, सायकलीचा आणि तांबड्या पेटीचा आहे. १८५४ च्या टपाल कायद्यापूर्वीचा पायी धावणारा वाहक अद्याप दारातच उभा आहे.

महाविद्यालयांत मराठी आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या अभ्यासक्रमांत ऐतिहासिक पत्रे शिकविली जातात. मायना, आशय, भाषाशैली, फारसीचे प्रमाण, पत्राचा काळ यांवर विद्यार्थ्यांकडून टिपणे लिहून घेतली जातात. पत्र कोणाबरोबर पाठविले हे कित्येक पत्रांत नमूद असते, कधी जासुदाचे नावही असते. त्या ओळीवर प्रश्न विचारला गेल्याचे क्वचितच दिसते. ज्या दिवशी पत्र लिहिले आणि ज्या दिवशी ते पोहोचले त्या दोन मित्यांमधील अंतर नकाशावर मांडण्याचा साधा स्वाध्यायसुद्धा मराठी आणि इतिहास या विभागांना एकत्र करता येण्याजोगा आहे. भूगोलाच्या प्राध्यापकांची मदत घेतली तर घाटवाटा आणि उतारांची ठिकाणेही त्यात भरता येतील.

पटकथाकारासाठीही सामग्री येथेच आहे. भेलशाला पेशव्यांच्या छावणीत जो काशीद आला, त्याच्याजवळील पत्र छावणीसाठी नव्हते. ते कोणाच्याही हाती न देता औरंगाबादेस पोहोचविणे हे त्याचे इमान होते. समोर उभे असलेले लोक आपल्या मुलाची, भावाची आणि लाखभर माणसांची खबर मागत होते. त्याने थैली स्वतःहून सोडली की ती त्याच्याकडून काढून घेण्यात आली, आणि नंतर तो औरंगाबादेच्या वाटेला लागला की नाही, या प्रसंगावर एकही मराठी भाग चित्रित झालेला नाही.